बेगमच्या शॉकपात करडईचं तेल

“अरे आत्या, रुको! तळायचं तेल हाय ते! शॉकपात कायको वतून राहिलात!”

रशीद मिस्त्री एवढ्या जोरात ओरडला की अहमदपूरच्या बसस्टँडवर नांदेडच्या गाडीत चढलेली माणसं खाली उतरून बघायला लागली. हे मी स्वतः पाहिलेलं नाही, पण उतरली असणारच. आत्यानं मात्र मान वर केली नाही. तिच्या एका हातात नरसाळं होतं, दुसऱ्या हातात पितळी तांब्या, आणि समोर आमच्या जुन्या फटफटीचे पुढचे दोन पाय भिंतीला टेकून उभे होते. तांब्यात करडईचं तेल होतं. तेही साधं नव्हे, दोन दिवस चुलीवर उकळून काकवीसारखं दाट केलेलं.

“मिस्त्री,” आत्या शांतपणे म्हणाली, “तुझ्या गुडघ्याला कोणतं तेल लावलं होतं मी?”

“करडईचं.”

“मग चालून राहिलास का न्हाई?”

“चालून राहिलो, पर आत्या, माझ्या गुडघ्यात स्प्रिंग न्हाई!”

“म्हणून तर लंगडतूस,” आत्या म्हणाली आणि तांब्या रिकामा केला.

ही माझी आत्या. वडिलांची थोरली बहीण, पण निम्मं अहमदपूर तिला आत्याच म्हणायचं. मोंढ्याच्या मागं तिचा करडईचा घाणा होता. घाण्याचं यंत्र विजेवर चालायचं आणि आत्या स्वतःच्या आवाजावर. लाईट गेली, यंत्र थांबलं, तरी गिऱ्हाइकांना घाणा चालूच आहे असं वाटायचं, कारण आत्या बोलत असायची. तिनं ओसरीवर उभं राहून “चहा टाक गं!” म्हटलं की आजूबाजूच्या चार घरांत चहा व्हायचा. एकदा तिनं रस्त्यावरच्या पोराला “थांब!” म्हणून दरडावलं, तर लातूरहून आलेली एसटी जागच्या जागी उभी राहिली आणि ड्रायव्हर हात जोडून खाली उतरला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका मीच पसरवली आहे, पण त्यामुळं ती खोटी ठरत नाही.

जगात करडईच्या तेलानं बरी होत नाही अशी वस्तू आत्याला माहीत नव्हती. कान दुखला, करडईचं तेल. दार कुरकुरलं, करडईचं तेल. म्हैस आटली, सून रुसली, रेडिओ खरखरला, तर आधी करडईचं तेल, मग डॉक्टर. लहानपणी सुट्टीत गेलो की ती माझ्या दोन्ही कानांत तेल ओतायची. पुढं महिनाभर मला उदगीरच्या आठवडी बाजारातला भाव घरबसल्या ऐकू यायचा. तेल घालताना मी ओरडायला लागलो की म्हणायची, “गप पड. तेलाला आत जायला टाईम लागतंय. मला कुठं घाई हाय?”

‘मला कुठं घाई हाय’ हे तिचं रोजचं वाक्य. ती भांडायची वादळासारखी, पण जिंकायची मात्र हळूहळू. समोरचा माणूस जिंकून, घरी जाऊन, जेवून झोपायचा आणि सकाळी उठल्यावर त्याच्या लक्षात यायचं की आपण हरलोय.

या भांडणांना सगळ्यांत जास्त सरावलेला माणूस म्हणजे मामा. आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. मामा एसटीत ड्रायव्हर होते आणि निवृत्त झाल्यावर घाण्यावर बसायचे. देवानं या जोडप्याला मिळून जेवढे शब्द दिले होते, ते सगळे आत्यानं घेतले होते. मामांच्या वाट्याला ‘हाव’ आणि ‘न्हाई’ एवढंच उरलं होतं, तेही ते सणावारालाच वापरायचे.

आता फटफटीचं सांगतो. तिचं नाव बेगम. माझ्या आज्यानं ती हैदराबादच्या कुण्या जहागीरदाराच्या पोराकडून घेतली होती. पंचक्रोशीतली ती पहिली फटफटी. ती सुरू झाली की लिंबावरचे कावळे गाव सोडून जायचे आणि आजा तिच्यावर बसला की मागं धुळीचा लोट दिसायचा, आजा दिसायचाच नाही. टाकीवर पुढं एक पोरगी बसलेली असायची, ती आत्या. हँडल धरायला आज्यानं तिलाच आधी शिकवलं. माझ्या वडिलांना शिकवलं नाही असं नाही. शिकवलं, आणि त्यांनी ती नेऊन अहमदपूरच्या मोंढ्याच्या दगडी कमानीवर घातली. कमानीला काही झालं नाही. बेगमचे पुढचे पाय मात्र असे वाकले की पुढची कैक वर्षं ती पत्र्याच्या शेडमध्ये कुणाला तरी सलाम करत असल्यासारखी उभी होती.

आजा गेल्यावर रिवाजाप्रमाणं झालं. जमीन भावाची, घर भावाचं, फटफटी भावाची, आणि बहिणीला साडीचोळी. आत्यानं जमिनीवरचा हक्क सोडला, कपाळाला आठी न पाडता सोडला. “जमीन घे बापू,” ती माझ्या वडिलांना म्हणाली, “पण बेगम मला दे.” वडील म्हणाले, “अक्का, बाईमाणसाला फटफटी कशाला? लोक हसतील.” बेगम तिथंच राहिली, गंजत. लोक कशालाच हसले नाहीत.

मग माझं लग्न ठरलं, उमरीकडच्या एका गावात. त्याच सुमारास वडिलांना पुण्याचं एक गिऱ्हाईक भेटलं. त्याला जुन्या फटफट्या गोळा करायचा छंद होता आणि पुढचे पाय दुरुस्त करायची त्याची तयारी होती. वडिलांनी शब्द देऊन टाकला. बातमी अहमदपूरला पोचली आणि आत्या पहिल्या एसटीनं नांदेडला आमच्या दारात उभी राहिली.

मला वाटलं, आता छप्पर उडतंय. पण आत्या चक्क हळू बोलली. म्हणजे फक्त आमच्या गल्लीलाच ऐकू गेलं.

“बापू, वीक. मी कुठं न्हाई म्हणून राहिले? पण माझ्या भाच्याचा परण्या बेगमवर निघू दे. तिला नीट मी करून घेते, माझ्या घाण्यावर. मग दसरा झाल्यावर तुझ्या पुणेकराला बोलीव.”

परण्या म्हणजे आमच्याकडं लग्नाच्या आधी नवरदेवाची मारुतीच्या देवळापर्यंत निघणारी मिरवणूक. तिला घोडा लागतो. वडिलांनी विचार केला की घोडा वाचतोय, दुरुस्ती फुकट होतेय आणि बहीण भांडत नाहीये. इतकं चांगलं त्यांच्या आयुष्यात एका दिवशी कधीच झालं नव्हतं. “दसऱ्यापर्यंत कशाला थांबायचं?” एवढंच त्यांनी विचारलं.

“पावसाळ्यात कोण फटफटी नेतंय पुण्याला? चिखलात रुतंल. मला कुठं घाई हाय, तुलाच हाय का?”

अशा रीतीनं बेगम टेम्पोत बसून आत्याच्या अंगणात आली आणि रशीद मिस्त्रीच्या आयुष्याचं वाटोळं सुरू झालं.

शॉकप म्हणजे नळीत नळी. आत स्प्रिंग, आणि स्प्रिंगला सोबत म्हणून तेल. खड्डा आला की आतली नळी खाली जाते, खड्डा गेला की वर येते. इतकं साधं प्रकरण. पण बेगमच्या नळ्या केळ्यासारख्या वाकल्या होत्या. रशीद म्हणाला, लातूरला लेथवर न्याव्या लागतील. आत्या म्हणाली, “लातूरला कशाला? माझ्या घरी रेल्वेचा रूळ हाय.” तो तिच्याकडं कसा आला, हे विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती. रुळावर नळी आडवी टाकली, वर ट्रकचा जॅक लावला आणि मामा जॅकचा दांडा मारायला लागले. रशीद “बस, बस!” म्हणायचा, आत्या “हाण, हाण!” म्हणायची. मामांनी आयुष्यभर जिचं ऐकलं होतं तिचंच ऐकलं. नळी एका बाजूनं सरळ होऊन दुसऱ्या बाजूला वाकली. मग उलटी करून पुन्हा.

नळी सरळ झाली की नाही यावर दोघांचं जुंपलं. रशीद एक डोळा मिटून नळीतून सूर्याकडं बघत होता. आत्यानं ती त्याच्या हातातून काढून घेतली, ओसरीच्या शहाबादी फरशीवर ठेवली आणि तळव्यांनी फिरवायला लागली, जशी पोळी लाटावी तशी. ठक, ठक, ठक. वाकडी नळी प्रत्येक फेरीला फरशीवर आपटते. “अजून पोटात बाक हाय,” ती म्हणाली. “लाटणं सरळ हाय का न्हाई हे मला शिकवणार का तू?” पुन्हा जॅक, पुन्हा लाटणं. संध्याकाळी नळी फरशीवरून अशी निघाली की ओसरी उतरून, अंगण ओलांडून, फाटकाबाहेर गेली आणि थेट मोंढ्याच्या त्याच कमानीपाशी जाऊन थांबली. रशीद तिला आणायला गेला तेव्हा म्हणाला म्हणे, “इसको भी वहीच जाना था.”

राहता राहिलं तेल बाहेर येऊ नये म्हणून लागणारं सील. त्या मापाचं रबरी सील कुठंच मिळेना. आत्यानं घाण्याचा जुना चामडी पट्टा काढला, विळीवर बसली आणि भाजी चिरावी तशी गोल चकत्या कापल्या. इथवर रशीदनं मान डोलावली. जुन्या गाड्यांत चामड्याचं सील असायचंच, तो म्हणाला. पण पुढं ते तांब्याचं प्रकरण झालं, ज्यात त्यानं बसस्टँड हलवला.

“आत्या, मैं जिम्मेदार न्हाई,” शेवटी रशीदनं मामांना साक्षीला ठेवून सांगितलं. “हे गळंल. ब्रेकात जाईल.”

मामांनी साक्ष दिली. “हाव.”

गळलं. परण्याच्या दिवशी उमरीकडच्या त्या गावात बेगम टेम्पोतून उतरवली, धुऊन, हळदीकुंकू लावून. लोकांना वाटलं नवरदेव चालवणार. नवरदेव बाशिंग बांधून, हातात लिंबू खोचलेली कट्यार धरून मागं बसला, आणि पुढं बसली आत्या. लुगड्याचा कासोटा आवळून, डोक्यावर पदर घेऊन, पदराचं टोक दातात. तिनं किक मारली. पुढं बँजोवाले वाजवत होते, त्यांचा आवाज बुडाला. गावची कुत्री आधी भुंकली, मग गप्प बसली, मग मिरवणुकीत सामील झाली.

रस्ता वैशाखातला, भेगाळलेला. पण काय सांगू, बेगम त्यावरून अशी निघाली की जणू गादीवरून चाललीय. आत्या मागं वळून ओरडली, “कसं वाटून राहिलं रे पोरा?” मी म्हणालो, “झोप येतीय आत्या!” तोवर चामडी चकत्यांतून तेल झिरपून पुढच्या ब्रेकात उतरलं होतं. ब्रेक तापला, तेल तापलं, आणि गावभर भज्यांचा वास सुटला. निम्मं वऱ्हाड मिरवणूक सोडून पंगतीला जाऊन बसलं. वाढपी म्हणे गांगरून पत्रावळी वाटायला लागले.

मारुतीचं देऊळ आलं. आत्यानं ब्रेक दाबला. बेगम थांबली नाही. पुजाऱ्यानं आरतीचं ताट पुढं केलं, ते आम्ही मागं टाकलं. देवळाच्या बाजूला कडब्याची गंजी होती, आत्यानं सरळ तिच्यात घातली. बेगम बंद पडली. माझा सासरा धावत आला, “नवरदेव? नवरदेव कुठं हायत?”

“आत हायत,” आत्या लुगड्याला चिकटलेला कडबा झटकत म्हणाली. “काढून घ्या.”

लग्न लागलं. बेगम टेम्पोतून परत अहमदपूरला आली आणि घाण्याच्या मागच्या खोलीत उभी राहिली. रशीद दोनदा येऊन म्हणाला, “आत्या, तेल बदलू देव.” दोन्ही वेळा आत्यानं त्याला चहा पाजला आणि म्हणाली, “राहू दे. गळणं थांबलंय बघ आपोआप. करडई हाय ती.” खरंच थांबलं होतं. ती ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि आम्ही सगळे डोळे मिचकावून ऐकायचो. पाऊस आला, गेला. पोळा झाला, दसरा झाला. पुण्याचं गिऱ्हाईक आलं.

माणूस बरा होता. डोक्यावर टोपी, खिशात टॉर्च, बोलणं मऊ. बेगमला बघून त्याचे डोळे पाणावले. त्यानं तिच्याभोवती प्रदक्षिणा घातली, सायलेन्सरला हात लावून नमस्कार केला. वडील मिशीत हसत होते. आत्या एका बाजूला कढईत भजी तळत होती. पाहुणा आलाय म्हटल्यावर तळायलाच हवी होती.

मग त्या गृहस्थांनी हँडल धरलं आणि खाली दाबलं, शॉकप बघायला. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग टाकीवर छाती टेकवून दाबलं. बेगम देवळाच्या खांबासारखी ताठ. “जरा आपण याल का?” ते वडिलांना म्हणाले. वडील आले, मी गेलो, मामाही आले. चार माणसांनी हँडलवर असं वजन टाकलं की मागचं चाक अधांतरी झालं, पण पुढचा पाय करंगळीच्या नखाएवढासुद्धा दबला नाही.

रशीदला बोलावलं. त्यानं खालचा नट काढला. एक थेंब बाहेर आला नाही. त्यानं तार घातली, ती आत शिरेना. हातोडीनं ठोकली तेव्हा टोकाला तपकिरी काहीतरी चिकटून आलं, चिक्कीसारखं, काचेसारखं. उकळलेलं तेल पावसाळाभर आत बसून दगड झालं होतं आणि नळीत नळी, चामडं, स्प्रिंग सगळं एकजीव झालं होतं.

गृहस्थांनी तो तुकडा टॉर्चच्या उजेडात फिरवून बघितला. “हे सुटणार नाही,” ते म्हणाले. “जोर लावला तर पाय तुटतील. आणि या गाडीचे ओरिजिनल पाय आता कुठंच मिळत नाहीत. पायांशिवाय मला घेता येणार नाही हो. क्षमा करा.” ते खरोखर हळहळले. मग भजी खाल्ली. जाताना म्हणाले, “भजी मात्र अप्रतिम. तेल कोणतं वापरता?”

फाटक लागल्याबरोबर वडील फुटले. आयुष्यभर बहिणीसमोर जे बोलले नव्हते ते सगळं बोलले. “अक्का, तुझ्या त्या तेलानं वाटोळं केलं! आपल्या बापाच्या गाडीचा लोखंडी ठोकळा करून ठेवलास! अक्कल नावाची गोष्ट हाय का न्हाई?”

आता आत्या काय बोलते, त्यावर पत्रे उडणार की भिंती, एवढंच बघायचं होतं. आत्यानं झारा कढईत ठेवला, पदर सारखा केला आणि खाली मान घालून म्हणाली, “मला काय कळतंय बापू. बाईमाणूस मी.”

बास. एवढंच. वडील गोंधळले. समोरून काहीच येईना तर माणूस भांडणार कुणाशी? “मग ठेव ते भंगार तुझ्याकडंच,” ते म्हणाले. “मला पुन्हा तोंड दाखवू नको त्याचं.”

“बरं,” आत्या म्हणाली.

त्यानंतर वर्षानुवर्षं ही गोष्ट मी सगळीकडं सांगितली. नांदेडच्या पानटपऱ्यांवर, विष्णुपुरीच्या धरणावर सहलीला गेलो की भिंतीवर बसून, बारशांत आणि बाराव्यांतसुद्धा. शॉकपात भज्यांचं तेल घालणारी आत्या. लोक पोट धरून हसायचे. आत्या समोर असली तर तीही हसायची, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं, आणि मी काही विसरलो तर मधेच भर घालायची, “अरे, कडब्याचं सांग की!” राखीला ती नांदेडला यायची, वडिलांच्या हाताला राखी बांधायची, डोक्यावर तेल घालायची, करडईचंच. बेगमचा विषय दोघंही काढत नसत.

दोन वर्षांपूर्वी आत्या गेली. बोलता बोलताच गेली, दुसऱ्या कशानं गेली नसती. वाक्य अर्धं राहिलं, आणि ते ती आता वर कुणाला तरी पूर्ण करून ऐकवत असणार याची मला खात्री आहे. तेराव्याला अहमदपूरच्या त्या अंगणात एवढी माणसं आणि एवढी शांतता, दोन्ही एकाच वेळी मी पहिल्यांदा पाहिली.

पाहुणे पांगल्यावर मामा उठले. घाण्याच्या मागच्या खोलीचं कुलूप काढलं आणि बेगमला हळूच बाहेर आणलं. तिच्यावर धूळ नव्हती. टायर नवे होते. मागच्या सीटवर घडी केलेली घोंगडी होती, माणूस बसेल अशी.

“हिला कोण चालवतंय?” मी विचारलं.

“ती चालवायची. पहाटे, चाकूर रोडला. मी मागं.”

मी पुढं झालो, हँडल धरलं आणि पुणेकर आला त्या दिवशीसारखं सगळं वजन टाकायला गेलो. बेगमनं लोण्यासारखी मान खाली घातली आणि तशीच अलगद वर उचलली. मी पुन्हा दाबलं. खाली, वर. मी वाकून वास घेतला. भज्यांचा वास नव्हता.

“मामा, हे तर दगड झालं होतं. सुटलं कसं?”

“साबणाचा सोडा आन् कढत पाणी. तुझे वडील चिडून नांदेडला परतले, त्याच हप्त्यात. रशीद होता.”

“आन् आत्ता आत तेल कोणतं हाय?”

“शॉकपचं.”

मी घोंगडीवर हात ठेवून उभा राहिलो. रशीदला ठाऊक होतं. मामांना ठाऊक होतं. आणि मी सगळ्या जिल्ह्याला हसवत फिरत होतो.

“मग मामा, तिला माहीत होतं? ते तेल असं धरंल म्हणून?”

मामांनी बेगमच्या टाकीवरून पंचा फिरवला. “माहेरी विहिरीवरच्या मोटेच्या चामड्याला तेच लावायची ती, उकळून,” ते म्हणाले. “धरायला एक पावसाळा लागतंय.”